गोव्यात बुडालेल्या जहाजांवर स्कूबा डायव्हिंग : सुरुवात कुठून करावी?

अंत्रुजकर :

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा, नोकरी वेर्ण्याला. पोहायला लहानपणी गावच्या तळीवर शिकलो, त्यामुळे पाण्याचं भय नाही. गेल्या नाताळात पुण्याहून मेहुणा सहकुटुंब आला होता, त्याच्या हट्टापायी ग्रँड आयलंडची बोट केली. कमरेला वजनांचा पट्टा, तोंडात रेग्युलेटर, आणि एक मुलगा मागून सिलिंडर धरून आपल्याला ढकलत नेणार, असा तो दहा-पंधरा मिनिटांचा प्रकार. मासे दिसले, फोटो निघाले, पैसे वसूल झाले म्हणायचे. पण परतताना बोटवाला सहज बोलून गेला की त्या अंगाला खाली एक जहाज बुडालेलं आहे आणि शिकलेली माणसं तिथे उतरतात. तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

तर विचारायचं ते असं. जहाजावर डाइव्ह करायला काय काय शिकावं लागतं? गोव्यात शिकावं की मालवणला किंवा नेत्राणीला जावं? खर्चाचा अंदाज? आणि मुळात आपल्या गढूळ पाण्यात बघण्यासारखं काही आहे का? इथे कुणी केलं असेल तर सविस्तर लिहा.

शंकासुर :

आपल्या पाण्यात स्वतःचा हात दिसला तरी नशीब समजा. तुम्हाला बुडालेलं जहाज बघायचं होतं तर कांदोळीला रिव्हर प्रिन्सेस होती तेव्हा जायचं. जून २००० मध्ये वाळूत रुतली ती पुढे २०१२ पर्यंत तिथेच गंजत होती. किनाऱ्यावर भेळ खात खात जहाज बघायचं, अंग ओलं करायची गरज नाही.

निवतीचा दीप :

शंकासुराचं मनावर घेऊ नका, दशावतारात त्यांचं कामच ते आहे.

अंत्रुजकर, माझं गाव निवती, पण पोट गोव्यातल्या डायव्हिंगवर. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

तुम्ही जे केलंत त्याला आम्ही ट्राय डाइव्ह म्हणतो. त्यात तुम्ही प्रवासी, गाडी दुसराच चालवतो. त्याच्या जोरावर जहाजावर कुणी नेतो म्हणाला तर त्याच्या बोटीत चढू नका. खरी सुरुवात ओपन वॉटर कोर्सपासून. पॅडी किंवा एसएसआय, या डायव्हिंगचं कार्ड देणाऱ्या संस्था, दोन्ही चालतात, जगभर दोन्ही कार्डं मानतात. थोडी थिअरी, मग स्विमिंग पूलमध्ये किंवा उथळ शांत पाण्यात सराव, आणि शेवटी समुद्रात चार डाइव्ह. २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं जमलं पाहिजे. तळीवर पोहलेल्या माणसाला ते अवघड नाही, फक्त तरंगताना हातपाय झाडायची सवय असेल तर ती आधी मोडा. हे झालं की १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरायची पात्रता येते.

त्यापुढे अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर, म्हणजे ३० मीटर. आणि मग रेक (म्हणजे बुडालेलं जहाज) डायव्हर म्हणून वेगळा स्पेशालिटी कोर्स आहे, त्यात जहाजावरच्या चार डाइव्ह. हा कोर्स लगेच हवाच असं नाही. ग्रँड आयलंडजवळचं सूझीज रेक पंधरा मीटरच्या आसपास आटोपतं, त्यामुळे ओपन वॉटर झालेला माणूस चांगल्या गाइडबरोबर ते बाहेरून बघू शकतो. जहाज म्हणून उभं असं काही डोळ्यासमोर आणू नका. तुटून पसरलेलं लोखंड आहे, त्यावर समुद्राने आपला संसार थाटलेला. पहिल्यांदा बघताना हे खडप कुठे संपलं आणि जहाज कुठे सुरू झालं तेच कळत नाही. गाइड बोट दाखवतो, मग डोळा बसतो, आणि एकदा डोळा बसला की सरळ रेषा दिसू लागतात. निसर्गात सरळ रेषा फार थोड्या. खाली जिथे सरळ कड किंवा नेमका काटकोन दिसेल, तिथे माणसाचा हात लागलेला आहे असं समजा.

खर्च : ओपन वॉटर तीस हजारांच्या आसपास धरून चला. बोट, साहित्य, कार्डाची फी धरून की वगळून, हे आधी स्पष्ट विचारा. त्यावरूनच भांडणं होतात.

गोवा की मालवण, यावर सविस्तर उद्या लिहितो. पहाटे बोट आहे.

म्हापशाची मिरची :

वाचते आहे. एक बाळबोध शंका. ऑक्सिजनचा सिलिंडर किती वेळ पुरतो? आणि मध्येच संपला तर?

निवतीचा दीप :

मिरचीताई, त्यात ऑक्सिजन नसतो. आपण आत्ता श्वासातून घेताय तीच हवा, गाळून आणि दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलं तर तोच विषासारखा वागायला लागतो.

किती पुरतो हे खोलीवर आणि माणसावर. नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर साधारण ११ लिटरचा, २०० बारपर्यंत भरलेला (बार हे दाबाचं माप). वर आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो. दर १० मीटरला तो एकाने वाढतो. म्हणजे १० मीटरवर दुप्पट, २० वर तिप्पट, आणि हवाही त्याच पटीत लवकर संपते. नवखा माणूस घाबरून धापा टाकतो, त्याचा सिलिंडर अर्ध्या तासात खाली येतो. मुरलेला माणूस त्याच सिलिंडरवर उथळ पाण्यात तासभर काढतो. संपून चालतच नाही, ५० बार शिल्लक असताना वर यायचं हा नियम. तरी काही बिघडलंच तर जोडीदाराकडे जास्तीचा रेग्युलेटर असतो, पिवळ्या नळीचा. त्याच्यावर श्वास घेत दोघांनी मिळून वर यायचं. याचा सराव कोर्समध्ये पुन्हापुन्हा करून घेतात.

आणि सगळ्यात पहिला धडा : पाण्याखाली श्वास रोखून धरायचा नाही. १० मीटरवर भरलेली छाती तशीच धरून वर आलं तर आतली हवा दुप्पट होते. फुप्फुस काही रबराचा फुगा नाही.

सुरंगी :

मी मडगावची. पंचेचाळिशी उलटल्यावर शिकले, म्हणून माझ्यासारख्यांसाठी चार शब्द.

कोर्सच्या आधी एक वैद्यकीय फॉर्म भरायला देतात. दमा, हृदयविकार, फिट्स, मधुमेह, कानाची शस्त्रक्रिया, असं बरंच त्यात असतं. एकाही प्रश्नाला 'हो' आलं तर डॉक्टरची सही लागते. मी एका ठिकाणी चौकशीला गेले, नाव नाही घेत, तिथे टेबलावरचा पोरगा म्हणाला, "सगळीकडे नाही लिहा मॅडम, उगाच कशाला कटकट." मी तशीच पाठ फिरवली. जो माझ्या फॉर्मवर खोटं लिहायला सांगतो तो माझ्या सिलिंडरची हवा तरी बघेल का? पुढे दुसऱ्या ठिकाणी शिकले. तिथे रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत म्हटल्यावर त्यांनी मला डॉक्टरकडे पाठवलं, डॉक्टरने तपासून परवानगी दिली, तेव्हाच पाण्यात घेतलं.

कानांचं लक्षात ठेवा. उतरताना दर मीटर-दीड मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे ढकलायची. दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही, आधीच करायचं. एखादा कान उघडत नसेल तर थोडं वर यायचं, पुन्हा करायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी बोटीवर बसून समोसे खायचे. सर्दीची गोळी घेऊन उतरणारे बघितले आहेत. गोळीचा असर खाली उतरला तर वर येताना अडकलेली हवा सायनसमध्ये काय करते ते त्यांनाच विचारा.

निवतीचा दीप :

सुरंगीताई, हे प्रिंट काढून आमच्या भिंतीवर लावतो.

आता गोवा की मालवण. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे, इस्डा. तिथे खोल तलाव आहे, शिकायची सोय उत्तम. मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणीला पाणी आपल्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ, पहिल्यांदा समुद्र बघून खूश व्हायचं असेल तर तिथे जा. गोव्यात मांडवी आणि जुवारी दोन्ही नद्या गाळ आणून टाकतात. त्यामुळे दिसण्याचं अंतर बरेचदा तीन ते पाच मीटर, चांगल्या दिवशी आठ-दहा, आणि वाईट दिवशी शंकासुर म्हणतात तसं. पावसाळ्यात सगळं बंद, मोसम ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. सुरुवातीचे काही आठवडे पाणी अजून चहासारखं असतं, डिसेंबरनंतर निवळतं.

पण माझं मत विचाराल तर रेक डायव्हिंग करायचंच असेल तर गोव्यात शिका. स्वच्छ पाण्यात शिकलेली माणसं इथे येतात, ती कार्ड दाखवतात, आणि पाच मीटरच्या पुढचं दिसेनासं झालं की गोंधळतात. जोडीदार कुठे गेला कळत नाही, होकायंत्र बघायची सवय नसते, श्वास वाढतो. इथे शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून जोडीदाराच्या हाताएवढ्या अंतरावर राहावं लागतं, होकायंत्राशिवाय चालत नाही, टॉर्चने खुणा कराव्या लागतात. जहाजावर नेमकं हेच लागतं. जगातली कित्येक जहाजं बंदरांच्या तोंडाशी, गढूळ पाण्यातच बुडालेली आहेत.

दिवस निवडायचा तर तिथी बघा. पुनव-अवसेला उधाण असतं, पाणी जोरात आत-बाहेर करतं, तळ ढवळतो. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, ओढ कमी, पाणी निवांत. रापणीने मासे धरणाऱ्या रापणकरांना हे सांगावं लागत नाही. पण डाइव्ह बुक करणारे फक्त शनिवार-रविवार बघतात.

शंकासुर :

अष्टमीला डाइव्ह, नवमीला उपास. समजलं.

खरंच विचारतो, चेष्टा नाही. तीन मीटरमध्ये तुम्ही नक्की काय बघता?

निवतीचा दीप :

जवळचं बघतो. लोखंडाच्या भोकातून डोकं काढून बसलेला गोबरा. लायनफिश, काटे पसरून, अजिबात न हलता. तांबोशांची पिल्लं. पत्र्यावर चिकटलेली कालवं, त्यांच्यावर आणखी कालवं. पाच-सहा मीटरच्या खाली लाल रंग उरत नाही, सगळं हिरवट-करडं दिसतं. टॉर्च लावली की एकदम गंजाचा तांबडा आणि स्पंजाचा नारिंगी उजळतो. म्हणून दिवसासुद्धा टॉर्च न्यायची.

लायनफिशचे काटे विषारी असतात, विंचूमासा तर दगडासारखा दिसतो. जहाजाला हात लावायचा नाही, तो जितका जहाजासाठी तितकाच तुमच्यासाठी नियम आहे. गंजलेली कड ब्लेडसारखी कापते.

अंत्रुजकर :

देव बरें करूं सगळ्यांचं! इतकी माहिती एका जागी मिळाली नव्हती. पुढचा प्रश्न, जो मनात पहिल्यापासून आहे : जहाजाच्या आत जाता येतं का? व्हिडिओत लोक खोल्यांमधून, जिन्यांवरून पोहत जाताना दिसतात.

निवतीचा दीप :

याच प्रश्नाची वाट बघत होतो. याचं उत्तर मोठं आहे, चहा घेऊन बसा.

उघड्या समुद्रात काही बिघडलं तर शेवटचा मार्ग कायम शिल्लक असतो : सरळ वर. डोक्यावर छत आलं की तो मार्ग गेला. आता बाहेर पडायला आधी आडवं जावं लागणार, आणि मग वर. म्हणून जहाजाच्या आतलं डायव्हिंग हा वेगळाच खेळ आहे.

आत तीन गोष्टी माणसाला अडकवतात. पहिली गाळ. वर्षानुवर्षं आत साचलेला पिठासारखा बारीक गाळ असतो. पाय खालीवर मारत एक माणूस गेला की मागे पडदा पडतो, टॉर्चचा उजेडही त्यात विरतो. आलो तो दरवाजा दोन हातांवर असतो आणि दिसत नाही. म्हणून बेडकासारखे, गुडघे वाकवून, बाजूला पाय मारायला शिकवतात. त्याला फ्रॉग किक म्हणतात. दुसरी गोष्ट, जाळी. आपल्या किनाऱ्यावर मासेमारी एवढी, की बुडालेल्या प्रत्येक लोखंडावर तुटलेली जाळी आणि गरीच्या दोऱ्या लटकलेल्या असतात. नायलॉनची दोरी पाण्यात दिसत नाही, सिलिंडरच्या नळात मागच्या मागे अडकते. झटापट केली की आणखी गुरफटते. थांबायचं, जोडीदाराला खूण करायची, तो कापतो. त्यासाठी प्रत्येकाकडे लाइन कटर किंवा सुरी हवीच, आणि ती दोन्ही हातांना पोचेल अशा जागी. तिसरी गोष्ट, जहाज स्वतः. लोखंड दरवर्षी पातळ होतं. गेल्या मोसमात भक्कम वाटलेलं छत या मोसमात खाली आलेलं असू शकतं. आपण सोडलेले बुडबुडे वर पत्र्याला आपटतात, त्यांनीही गंजाचे पापुद्रे डोक्यावर पडतात.

रेक स्पेशालिटीमध्ये आत जाण्याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. बाहेरचा उजेड दिसतो तेवढंच आत जायचं. पाण्याच्या पृष्ठभागापासून खोली आणि आत गेलेलं अंतर मिळून ४० मीटरच्या पुढे नाही. म्हणजे जहाज २५ मीटरवर असेल तर आत फार तर १५. बाहेर दोरी बांधून रीळ सोडत आत जायचं, परत येताना तीच दोरी गुंडाळत यायचं, म्हणजे गाळ उठला तरी हाताने वाट सापडते. हवेचे तीन भाग करायचे : एक आत जायला, एक बाहेर यायला, एक अडीअडचणीला. १८० बार घेऊन दाराशी पोचलात तर १२० ला वळायचं, आतली खोली कितीही सुंदर असो. व्हिडिओतली जी माणसं जिन्यांवरून फिरतात, त्यांच्या पाठीवर दोन-दोन सिलिंडर असतात आणि त्यांचं शिक्षण वर्षानुवर्षांचं असतं.

गोव्यातल्या रेकवर आत जाण्यासारखं काही उरलेलंही नाही. त्यामुळे इथे हा प्रश्न येत नाही. आणि माझ्या मते ते बरंच आहे. पहिली काही वर्षं फक्त तरंगणं सुधारा. तळापासून हातभर वर, न हलता, फक्त श्वासाने वरखाली होत दोन मिनिटं थांबता आलं की बाकीचं पुढे बघू. वाळूवर गुडघे टेकून बसणारा माणूस जहाजावर न्यायच्या लायकीचा नाही, मग कार्डावर काहीही छापलेलं असो. हे आमच्या धंद्यातल्या काही लोकांना आवडत नाही, कारण कोर्स लवकर विकता येत नाहीत.

कौलारू :

मी डायव्हर नाही. इतिहासाचा नाद आहे, त्या बाजूने थोडी भर.

गोव्याच्या समुद्रात पुराणवस्तूच्या दृष्टीने मोलाची जहाजं आहेत, आणि त्यांचा अभ्यास दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केला आहे. तीन ठिकाणं महत्त्वाची. सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले : तोफा, नांगर, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत, आणि पाणघोड्याचे दात. पाणघोडा आफ्रिकेचा, चिनी माती पूर्वेची. एका खडकावर दोन टोकांचा व्यापार येऊन आपटला. लाकडी जहाज मात्र शिल्लक नाही, लाकूड समुद्रातला किडा खातो.

दुसरं सेंट जॉर्जेस रीफ. तिथे भाजलेल्या मातीच्या वस्तूंचा ढीग मिळाला : खांबांचे भाग, कोन्याची कौलं, विटा. त्यांवर बासेल मिशन टाइल वर्क्स आणि १८६५ असा ठसा आहे. म्हणजे जहाज त्यानंतर बुडालं. आपल्या जुन्या घरांवर जी मंगळुरी कौलं आहेत, त्याच घराण्याचा माल. माझं टोपणनाव कुठून आलं ते कळलं असेल! तिसरं अमी शोल्स, तिथे पोलादी बांधणीच्या वाफेच्या बोटीचे अवशेष आहेत, बॉयलरसकट.

मला यात आवडतं ते असं की तिन्ही जहाजांचं वय ठरलं ते मालावरून आणि यंत्रावरून. जहाजाचं नाव, कप्तानाची वही, काही हाती नसताना.

शंकासुर :

हस्तिदंत म्हणालात? मग शिकतो मी पण. एखादा तुकडा शोकेसमध्ये बरा दिसेल.

कौलारू :

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, समुद्रातून काढलेलं लोखंड किंवा दात तुमच्या शोकेसमध्ये टिकणार नाही. शेकडो वर्षं मीठ आत मुरलेलं असतं. ते हळूहळू काढावं लागतं, महिने लागतात, नाहीतर सुकताना वस्तूला तडे जातात, लोखंडाचा भुगा होतो. शिवाय वस्तू जागेवरून हलली की ती कुठल्या वस्तूशेजारी होती हे कायमचं गेलं. वरचं वय-बिय सगळं त्या शेजारावरूनच काढलेलं आहे.

फोटो काढा, जागा लिहून ठेवा, संस्थेला कळवा. तेवढं पुष्कळ झालं.

म्हापशाची मिरची :

आणि मुरगावात जर्मन जहाजं बुडाली होती म्हणतात, युद्धाच्या वेळी? माझे आजोबा सांगायचे, आकाश लाल झालं होतं म्हणून.

कौलारू :

आजोबा बरोबर सांगायचे. ९ मार्च १९४३ ची रात्र. पोर्तुगाल युद्धात तटस्थ, म्हणून एरेनफेल्स, द्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही जर्मन जहाजं आणि अन्फोरा हे इटालियन जहाज मुरगाव बंदरात आसऱ्याला थांबलेली. एरेनफेल्सवरून गुप्त बिनतारी संदेश पाणबुड्यांना जातात असा ब्रिटिशांचा संशय होता. कलकत्ता लाइट हॉर्स नावाच्या हौशी पलटणीतली, बरीचशी वय झालेली साहेब मंडळी बोटीने आली आणि एरेनफेल्सवर चढली. जहाज शत्रूच्या हाती लागू नये म्हणून खलाशांनी स्वतःच ते पेटवून बुडवलं, आणि ते बघून बाकीच्या तिन्हींवरही तेच झालं. सरकारी दप्तरात ही गोष्ट कित्येक वर्षं दडवलेली होती.

आणखी एक. डिसेंबर १९६१ मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्क ही पोर्तुगीज युद्धनौका आपल्या नौदलाशी लढताना जायबंदी झाली आणि किनाऱ्याला लावली गेली. ती पुढे मोडीत निघाली, त्यामुळे ती शोधायला कुणी उतरू नका.

अंत्रुजकर :

मग एरेनफेल्सच्या जागी डाइव्ह करता येते का?

निवतीचा दीप :

नाही. ते चालू बंदर आहे, वरून मोठी जहाजं आणि बार्जेस जातात. बंदराच्या आणि नौदलाच्या हद्दीत मनाला येईल तिथे उतरता येत नाही. पुरातत्त्वाच्या जागांनाही तेच लागू, कौलारूंनी सांगितलेल्या रीफ पर्यटनाच्या जागा नाहीत. नेहमीच्या बोटी ग्रँड आयलंडच्या आसपासच जातात.

बेळगावी कुंदा :

माझा प्रश्न कुणीच विचारला नाही म्हणून विचारतो. आम्ही बेळगावहून पहाटे निघून सकाळी डाइव्ह करून संध्याकाळी चोर्ला घाटाने परत यायचा बेत करतोय. दिवसाचा दिवस मोकळा होतो. विमानाने जाऊ नये हे ऐकलंय, गाडीने काय हरकत?

निवतीचा दीप :

कुंदाशेठ, बरं झालं विचारलंत. हरकत आहे.

खाली असताना दाबामुळे हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो. वर आल्यावर तो काही तास हळूहळू बाहेर पडत राहतो. त्या वेळात तुम्ही कमी दाबाच्या ठिकाणी गेलात, तर सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखे बुडबुडे अंगातच होतात. विमानासाठी नियम असा : एक डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, जास्त केल्या असतील किंवा लागोपाठ दिवस केल्या असतील तर १८ तास थांबा. हे नियम ६०० मीटरपासून वरच्या उंचीला धरून केलेले आहेत. शरीराला विमान आणि घाट यातला फरक कळत नाही. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास, चोर्ल्याचा माथाही तेवढ्याच घरात. आंबोलीने कोल्हापूरला जाणाऱ्यांनाही हेच. आंबोली सातशेला टेकलेली आहे.

म्हणजे शनिवारी डाइव्ह करा, रात्री मुक्काम करा, रविवारी जेवून घाट चढा. आणि मुक्कामाच्या रात्री फेणी नको. सांधे दुखणं, हातापायांना मुंग्या येणं, अंगावर चट्टे, विचित्र थकवा, यातलं काहीही वाटलं तर 'जास्त झालं असेल' म्हणून झोपू नका. ऑक्सिजन आणि दवाखाना. जिथे शिकाल तिथे बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का आणि जवळचं रिकम्प्रेशन चेंबर (पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली) कुठलं, हे पैसे भरायच्या आधी विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरं दार बघा.

बेळगावी कुंदा :

बाप रे. हे आम्हाला आतापर्यंत कुणी बोललं नव्हतं, तीन ठिकाणी चौकशी केली होती. मुक्काम करतो.

सुरंगी :

दीप, गोव्यानंतर काय, तेही लिहा ना. मला पुढच्या वर्षी कुठेतरी जायचं आहे.

निवतीचा दीप :

ताई, तुमचं तरंगणं मी पाहिलं आहे, तुम्ही जा बिनधास्त.

घराजवळचं म्हणाल तर नौदलातून निवृत्त झालेलं गुलदार हे जहाज आमच्या निवती रॉकजवळ बुडवून तिथे कृत्रिम रीफ करायचा महाराष्ट्राचा प्रकल्प आहे. मुद्दाम बुडवायच्या जहाजातून आधी तेल, तारा, दारं काढतात, बाहेर पडायला मोठी भोकं ठेवतात. शिकणाऱ्याला असं जहाज सगळ्यात चांगलं. आमच्या गावासमोर आहे म्हणून सांगत नाही. (थोडं म्हणून सांगतोही.)

श्रीलंकेत कोलंबोसमोर पुष्कळ जहाजं आहेत. बट्टिकलोआजवळ हर्मीस ही ब्रिटिश विमानवाहू नौका आहे, ९ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी बुडवली. पण ती ५० मीटरच्या खाली, आपल्यासारख्यांचं काम नाही, टेक्निकल डायव्हर जातात. आणि पैसे साठवून एकदाच जायचं असेल तर तांबड्या समुद्रातलं थिसलगॉर्म. ६ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन विमानांनी बुडवलेलं मालवाहू जहाज, ३० मीटरच्या आसपास तळ. आत मोटारसायकली, ट्रक, बूट अजून रांगेने आहेत, आणि बाजूला वाळूत रेल्वेचं इंजिन. तिथे ओढ जबरदस्त असते, अ‍ॅडव्हान्स्ड करून आणि बऱ्यापैकी डाइव्ह झाल्यावरच जा.

शंकासुर :

बरं, हरलो. मला सांगा, चष्मा असलेल्या माणसाचं काय? माझा नंबर मोठा आहे. आणि मिशी काढावी लागेल असं कुणीतरी म्हणालं, ते मात्र जमणार नाही.

सुरंगी :

नंबरच्या काचांचा मास्क मिळतो, दोन वेगळ्या काचा असलेला मास्क घेतलात तर प्रत्येक डोळ्याची काच वेगळी बसवता येते. पाण्याखाली वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात, त्यामुळे थोडा नंबर असेल तर अनेकांचं तसंच भागतं. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात, पण मास्कमधलं पाणी काढायच्या सरावाला डोळे मिटून ठेवा, नाहीतर लेन्स गोबऱ्याच्या घरी.

मिशी ठेवा. मास्कच्या कडेखाली पाणी झिरपतं, म्हणून पुरुष मंडळी नाकाखालची एक बारीक रेघ तेवढी कातरतात नाहीतर व्हॅसलीन चोपडतात. व्हॅसलीन सिलिकॉनच्या मास्कला चालतं, रबराच्या जुन्या मास्कला नाही. दीप, बरोबर ना?

निवतीचा दीप :

बरोबर. अंत्रुजकर आणि शंकासुर, दोघे मिळून या, जोडीदार शोधायचा प्रश्न सुटेल. मास्क मात्र विकत घेण्याआधी इथे येऊन तोंडाला लावून बघा. पट्टा न लावता, नाकाने श्वास आत ओढून मास्क चेहऱ्यावर चिकटून राहिला तर तो तुमचा. ऑनलाइन मागवून परत करणाऱ्यांची रांग आमच्याकडे दर मोसमात असते.